दोन आठच्या मधलं पुणे: बार्शी–पुणे–बार्शी, चिमीसोबत तीन दिवस

गूगल बार्शी ते पुणे चार-साडेचार तास दाखवतं. आम्हाला सव्वासहा लागले, कारण वाटेत नऊ वेळा शूसाठी थांबलो. नऊ. मी मोजले, कारण बायकोनं पैज लावली होती की दहा होतील.

नऊ का, ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमची चिमी साडेचार वर्षांची. तिला जन्मापासून प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया, टाइप वन. लिव्हरमधलं एक एन्झाइम काम करत नाही म्हणून अंगात ऑक्झलेट नावाचा क्षार ढीगभर तयार होतो, तो किडनीत साचतो आणि शेवटी किडनी जाते. नुसती किडनी बदलून भागत नाही, कारण कारखाना लिव्हरमधे, नवी किडनीही तशीच जाणार. म्हणून आधी लिव्हर, तो बायकोचा तुकडा, आणि मग पाच महिन्यांनी किडनी, ती माझी. बायको अजून ऐकवते, माझं लिव्हर परत वाढलं, तुमची किडनी काय वाढायची नाही, तेव्हा जरा जपून. किडनीला आता अकरा महिने झाले. पण हाडांमधे साठलेलं जुनं ऑक्झलेट अजून हळूहळू बाहेर पडतंय आणि त्याचे नव्या किडनीत खडे होऊ नयेत म्हणून चिमीला दिवसाला पावणेदोन लिटर पाणी पाजायचं असतं. पंधरा किलोच्या पोरीला. मग शू होणारच की.

तपासणीला आम्ही पुण्याला येतोच, पण आजवर हॉस्पिटल आणि परत असंच. या फेब्रुवारीत पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, आता जरा फिरवा हो तिला, किती दिवस घरात कोंडून ठेवणार. चिमीला हवी होती फुलराणी. पेशवे पार्कातली पोरांची छोटी आगगाडी. तिनं फोटोत बघितलेली, आणि मी माझ्या लहानपणी आत्याकडे सुट्टीत आलो की बसलेलो. ती गाडी १९५६ पासून फिरतेय म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा थोडीच लहान.

जाताना

गुरुवारी दुपारी एकला निघालो. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस, यवत, हडपसर, नेहमीचा रस्ता. आदल्या दिवशीच पोचायचं हा आमचा नियम आणि तो ठेच लागून शिकलेला आहे. टॅक्रोलिमस म्हणजे अंगानं नवे अवयव नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. त्याची रक्तातली लेव्हल बघायला रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यावं लागतं, रात्रीच्या डोसला बारा तास झाल्यावर. मागे एकदा आम्ही पहाटे चारला निघून थेट हॉस्पिटल गाठायचं ठरवलं, वाटेत आठ वाजले, मोबाईलचा गजर झाला आणि मी सवयीनं औषध पाजलं. बायको मागे झोपलेली. पुढे रक्त दिलं, लेव्हल भलतीच चढलेली आली, सगळे घाबरले, आणि मग माझ्या लक्षात आलं. एक दिवस जास्त राहून परत सुई. चिमी माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती, बायको चार. तेव्हा बारा तासांचं औषध असलेल्यांनी तपासणीच्या सकाळचा गजर आदल्या रात्रीच बंद करून टाका, आणि डोस स्वतःच्या खिशात ठेवा, पिशवीत नको.

शूचं सामान: घडीचं प्रवासी पॉटी-सीट, त्यात लावायच्या पिशव्या, जुनी चादर आडोशाला. हायवेवरच्या संडासात आम्ही तिला नेतच नाही. पेट्रोल पंपाच्या कडेला गाडीचं दार उघडायचं, चादर धरायची, झालं. लोक बघतात. बघू देत.

सीटबेल्टचं बरेच जण विचारतात. लहान पोराला मोठ्या माणसाची किडनी बसवली की ती पाठीत नसते, पुढे पोटात असते, चिमीची उजवीकडे हाताला लागते. तर बेल्टचा पट्टा बरोबर त्यावर दाबतो की काय ही भीती. आम्ही सर्जनना विचारलं तर ते म्हणाले बेल्ट न लावणं हा पर्यायच नाही, लहान मुलांची पाच पट्ट्यांची सीट घ्या आणि खालचा पट्टा मांड्यांवर येईल असा खाली सरकवून लावा. आम्ही त्यात मऊ फडकं घालतो. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना गाडीतल्या सीटचा फोटो दाखवून विचारा, तोंडी सांगून त्यांना नीट कळत नाही.

भिगवणला सगळ्यांचं पाणी सुटतं ते माशांच्या थाळीसाठी. मी आणि बायकोनं आळीपाळीनं जेवलो, एक जण गाडीत तिच्यासोबत. तिचा डबा वेगळा, सकाळी केलेला नाही, निघताना गरम भरलेला मऊ भात-वरण, आणि तोही दोन तासांच्या आत संपवायचा नाहीतर टाकायचा. काळजावर दगड ठेवून टाकायचा. माझी आई असती तर तिला हे बघवलं नसतं. बाहेरचं काही द्यायचंच झालं तर आपल्यासमोर तव्यावरून उतरलेला डोसा, चटणीशिवाय. कापून ठेवलेली काकडी, कांदा, बर्फ, उसाचा रस हे अजिबात नाही. केळं चालतं, आपल्या हातानं सोललेलं. पपनस बंद, त्यानं टॅक्रोलिमसची लेव्हल वर जाते. आणि आमच्या तिघांचं खास दुःख म्हणजे शेंगदाण्यात ऑक्झलेट भरपूर, म्हणजे सोलापुरी शेंगाचटणी घरातून हद्दपार. मी ऑफिसात लपून खातो.

आत्याचं घर

आत्या सहकारनगरला. लॉजपेक्षा नातेवाईक बरे हे खरं, पण जायच्या आधी फोनवर सगळं बोलून घ्या, नंतर दारात उभं राहून बोलायला फार अवघड जातं. आम्ही विचारलेले प्रश्न असे की घरात कुणाला सर्दी-ताप, कांजिण्या, तोंडात फोड असलं काही आहे का, कुठे भिंत फोडायचं नाहीतर रंगाचं काम चालू आहे का, आणि कबुतरं. पुण्यात आता प्रत्येक डक्टात कबुतरं आहेत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेतली बुरशी आपल्याला सहसा काही करत नाही पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या पोराच्या फुप्फुसात गेली तर महागात पडते. आत्याच्या आतल्या खोलीची खिडकी डक्टाकडे उघडते, म्हणून आम्ही हॉलमधे झोपलो. आत्याला ते लागलं. "माझ्या खोलीला काय झालंय रे?" मी खिडकीबाहेर बोट दाखवलं तर म्हणाली, "अगंबाई, ही तर रोजचीच आहेत." दुसऱ्या दिवशी तिनं सोसायटीच्या सेक्रेटरीला जाळीवरून धारेवर धरलं, ते वेगळं.

पाण्याचं मात्र तिला समजवावं लागलं नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडकडे, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले, पाण्यावर बोट गेलं, तेव्हापासून ती स्वतःच उकळून पिते. आम्ही खळखळून उकळलेलं पाणी स्टीलच्या बाटल्यांतून नेतो. आणि पापा. म्हातारी माणसं पापा घेतातच, त्यात चिमीचे गाल स्टिरॉइडनं फुगलेले, बघणारा प्रत्येक जण म्हणतो किती गुटगुटीत पोर. आम्ही तिला शिकवलंय, कुणी जवळ आलं की तिनं स्वतःच पाय पुढे करायचा आणि म्हणायचं पायाचा घ्या. आत्यानं पायाचा घेतला आणि मग आत जाऊन डोळे पुसले बहुतेक, मी काही विचारलं नाही.

आठला औषध. आठ सकाळचे, आठ रात्रीचे, या दोन खुंट्यांना आमचा दिवस टांगलेला असतो, बाकी सगळं मधल्या दोरीवर.

शुक्रवार, हॉस्पिटल

सातला पोचलो. सुन्न करणारं मलम घरूनच पावणेसातला हाताला चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलेलं, त्याला तासभर तरी लागतो. हे मलम पण आधी डॉक्टरांना विचारूनच, काही औषधांबरोबर लहान मुलांना चालत नाही. रक्त घेणारा माणूस आला साडेआठला. दीड तास उपाशी पोर, डोस खिशात, आणि खिडकीवरची बाई म्हणते नंबरानं येईल. मी आवाज चढवला, त्याचा उपयोग झाला नाही. बायकोनं जाऊन शांतपणे "ट्रान्सप्लांट, टॅक्रो लेव्हल, आठची वेळ" एवढे पाचच शब्द सांगितले तर पाच मिनिटांत आत घेतलं. हे पाच शब्द पाठ करून ठेवा. सुई निघाल्या निघाल्या तिथेच डोस, मग सोनोग्राफी, मग डॉक्टर. दुपारी एकपर्यंत मोकळे.

फुलराणी

दुपारी तिला झोपवलं, ऊन उतरल्यावर पाचच्या सुमाराला पेशवे पार्क. शुक्रवार म्हणून गर्दी बेताची, रविवारी आणि चतुर्थीला इकडे फिरकू नका, शेजारी सारसबागेचा गणपती आहे. टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन हे उन्हाळा नसला तरी, या औषधांवर कातडीच्या कॅन्सरचा धोका आयुष्यभर वाढलेला असतो. मास्कचं एक बरं आहे, पुण्यात त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. इथे निम्म्या पोरी स्कार्फ बांधून डोळेच उघडे ठेवून स्कूटी चालवतात, त्यात आमची चिमी म्हणजे काहीच नाही. बार्शीत तीच चार ठिकाणी अडवली जाते, काय झालं हो पोरीला.

गाडीच्या कडेचा दांडा पुसून घेतला, तिला मधे बसवली, शेवटच्या डब्यात, पुढच्या पोरांच्या खोकल्यापासून लांब. तीन-चार मिनिटांची फेरी. ती हसली वगैरे नाही, तोंड मिटून एकदम गंभीर बसून होती, जणू परीक्षा आहे. उतरल्यावर म्हणाली परत. परत बसलो. परत म्हणाली परत. तिसऱ्या फेरीला शू आली. वाळूत आणि मातीत खेळायचं नाही असं मात्र सांगितलं, तिथे रडारड झाली, ती होणार हे धरूनच चला.

रात्री अंग कोमट लागलं. नव्याण्णव पॉइंट चार. आमच्याकडे नियम असा की शंभर पॉइंट चारला थेट फोन, आणि फोन करायच्या आधी ताप उतरवायचं औषध पाजायचं नाही, नाहीतर खरा ताप झाकला जातो. आयब्रुफेन तर किडनीमुळे कधीच नाही. दर अर्ध्या तासाला थर्मामीटर, बायको आणि मी एकमेकांकडे न बघता बसलेलो. बाराला अठ्ठ्याण्णव सहा. दिवसभराचं फिरणं असेल. थर्मामीटर स्वतःचा न्या, आणि सेलची जोडी जास्त न्या, आमचा अकराला बंद पडला आणि आत्याच्या घड्याळातला सेल काढावा लागला.

शनिवार

सकाळी साडेसहाला स्वारगेटवरून मेट्रो, एकच स्टेशन, मंडई. हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मधे सुरू झाला. सकाळी डबे रिकामे असतात. वर आलं की चालत दगडूशेठ. रांगेत उभं राहायची गरजच नाही, गणपती रस्त्यावरून समोर दिसतो, आम्ही पलीकडच्या फुटपाथवरूनच हात जोडले. प्रसाद आम्ही दोघांनी खाल्ला. आठच्या आत घरी, औषध, आणि दुपारी परत.

गाडीत आणि पाकिटात एकेक कागद ठेवाच: दोन्ही ऑपरेशनच्या तारखा, रक्तगट, औषधं डोससकट, हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा नंबर, किडनी पुढे उजवीकडे आहे, आयब्रुफेन नाही, जिवंत लस नाही. शेवटचं विशेषतः पोलिओमुळे. मागे एकदा पोलिओ रविवारी एसटी स्टँडवर कार्यकर्त्या ताईंनी प्रेमानं तिचं तोंड उघडायला घेतलं होतं. तोंडातून द्यायचे थेंब जिवंत विषाणूचे असतात, ते तिलाही नकोत आणि घरातल्या दुसऱ्या लहान पोरालाही, त्याला इंजेक्शनवालं. ताई बिचाऱ्या त्यांचं काम करत होत्या, कागद दाखवल्यावर नीट वाचला आणि बोटाला शाई तेवढी लावू का विचारलं. चिमीला शाई हवीच होती.

औषधाचं शेवटचं. तीन दिवसांचं असेल तर सहा दिवसांचं न्यायचं आणि दोन वेगळ्या पिशव्यांत, गाडी उन्हात लावली की उतरवायचं. संपलं म्हणून केमिस्ट दुसरी कंपनी देत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, लेव्हल बदलू शकते. उलटी झाली तर डोस परत द्यायचा की नाही हे निघायच्या आधीच लिहून घ्या, रात्री हायवेवर कुणाला विचारणार.

येताना दहा वेळा थांबलो, बायको पैज जिंकली. टेंभुर्णीला फोन आला, लेव्हल सहा पॉइंट आठ, डोस तोच ठेवा. पुढची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. चिमीला आता वाघ बघायचाय, आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, म्हणून मंगळवार मागून घेतलाय.