बुजणारी घोडी
माझी घोडी कशाला बुजेल याचा नेम नाही. काल ज्या ताडपत्रीजवळून निवांत गेली, तीच आज जरा फडफडली की बाईसाहेब एकदम बाजूला! "दोन फटके दे, सुधारेल," असं सांगणारे खूप भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. फटका बसला की तिच्या डोक्यात पक्कं होतं, ताडपत्री दिसली की दुखतं.

घोड्याला जवळजवळ 350 अंशांत दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. उजेडातून सावलीत शिरताना त्याची नजर आपल्यापेक्षा सावकाश सरावते. झाडाखाली ती अडते ते नाटक नव्हे.

कान ताठ, मान वर झाली की मी त्या वस्तूकडे बघतच नाही. नजर पुढच्या वळणावर, श्वास लांब सोडायचा, लगाम आवळायचा नाही. तिचं नाक किंचित त्या वस्तूच्या उलट बाजूला वळवते आणि त्याच बाजूच्या पोटरीने हलका दाब देते, म्हणजे खांदा वाटेवरून निसटत नाही. तरी जमेना तर लांबूनच गोल फिरवायचं. मान खाली आली, फुरफुरली, की लगेच तिथून दूर न्यायचं. तिच्या लेखी हेच बक्षीस. थोपटण्यापेक्षा खोगिराच्या पुढे, मान संपते तिथे खाजवलेलं तिला जास्त आवडतं.

परतताना तीच वस्तू दुसऱ्या बाजूला येते, तेव्हा बहुधा पुन्हा पहिल्यापासून.

आणि शांत घोडं अचानक बुजायला लागलं, तर आधी डोळे, पाठ आणि खोगीर तपासून घ्या.