तो रडत नव्हता

गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका रुग्णालयात ७ वर्षांच्या, १६ किलो वजनाच्या एका मुलाला मी भूल दिली. त्याला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नव्हता. बोलता येत नव्हते आणि स्नायूंच्या ताठरपणामुळे डावा खुबा निखळला होता. मांडीचे हाड कापून, योग्य कोनात वळवून प्लेट आणि स्क्रूने बसवायचे आणि मग छातीखालपासून डाव्या घोट्यापर्यंत प्लास्टर घालायचे, असे ठरले होते. आई नुकतीच बाळंत झालेली असल्यामुळे भोरजवळच्या गावाहून आजी त्याच्यासोबत आल्या होत्या. जन्मापासून त्यांनीच त्याला सांभाळले होते.

अशा मुलांच्या वेदनाशमनाचा निर्णय मला नेहमीच अवघड वाटतो. लाळ नीट गिळता येत नाही, खोकल्यात जोर नसतो, त्यामुळे मॉर्फिनसारख्या औषधाने श्वास मंदावला तर सावरायला फारसा वाव उरत नाही. म्हणून तो भुलीखाली असतानाच मी कमरेत एपिड्युरल कॅथेटर, म्हणजे पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंजवळ औषध पोहोचवणारी बारीक नळी, घातला आणि शस्त्रक्रियेनंतर बधिर करणारे ०.१ टक्के ब्युपिव्हाकेन तासाला ३ मिलीलिटर या वेगाने सुरू ठेवले. जोडीला दर सहा तासांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. ही योजना मला पुरेशी वाटत होती.

सायंकाळी सातच्या सुमारास निवासी डॉक्टरांचा फोन आला. नाडी १४८ होती, ताप नव्हता, आणि रक्तस्राव गृहीत धरून त्यांनी सलाइन वाढवले होते. वेदनेचा गुण मात्र १ लिहिलेला होता. आम्ही वापरतो त्या फ्लॅक मापनात चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. पाय प्लास्टरमध्ये, हालचाल मुळातच वेगळी, आणि मूल रडत नाही. मग गुण १ येणारच. सिस्टरने तक्ता प्रामाणिकपणे भरला होता.

मी पोहोचले तेव्हा तो डोळे उघडे ठेवून शांत पडला होता. लघवी पुरेशी होत होती, हिमोग्लोबिन फारसे उतरले नव्हते. मी प्लास्टरच्या कडा चाचपत असताना आजी म्हणाल्या, "बाई, ह्यो गप पडलाय म्हंजी ह्याला सोसंना झालंय. कान कसा घासतोय बगा. वरडतो ते भूक लागल्यावर. दुखलं की दम धरून गप ऱ्हातो." खरोखरच तो मनगटाची मागची बाजू डाव्या कानावर पुन्हा पुन्हा घासत होता आणि मधूनच ओठ मिटून श्वास रोखत होता. हे मी पाहिले होते, पण त्याच्या नेहमीच्या हालचालींत जमा केले होते.

मग मी बर्फाचा खडा घेतला. उजव्या पावलाला लावला तर काहीच प्रतिक्रिया नाही. डाव्या बोटांना लावताच पापण्या घट्ट मिटल्या. बधिरता उजवीकडेच पसरली होती आणि शस्त्रक्रिया झालेली बाजू जवळजवळ उघडी राहिली होती. कॅथेटर एखादा सेंटिमीटर मागे ओढणे हा नेहमीचा उपाय, पण त्याची जागा प्लास्टरखाली गेली होती. सरसकट वेग वाढवला असता तर औषध पुन्हा उजवीकडेच गेले असते, आणि त्याहून मोठी भीती अशी की गाढ बधिरतेत प्लास्टरखालच्या वाढत्या दाबाची खूण झाकली जाते. म्हणून आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना बोलावले. बोटे उबदार होती, दाबून सोडल्यावर रंग लगेच परतत होता, बोटे हलवल्याने त्रास वाढत नव्हता. तरीही त्यांनी प्लास्टरची कड थोडी कापून सैल केली. त्यानंतर त्याला डाव्या कुशीवर वळवले, कॅथेटरमधून रक्त किंवा मणक्यातले पाणी येत नाही याची खात्री केली आणि तेच औषध ०.२५ टक्क्यांचे ४ मिलीलिटर थांबत थांबत दिले. वीस मिनिटांनी नाडी ११६ झाली. मी मॉनिटरकडे पाहत होते. आजी त्याच्या हाताकडे पाहत होत्या, आणि "आता निवला," असे त्याच आधी म्हणाल्या. रात्री मांडीचे स्नायू आखडू लागले, तेव्हा अतिदक्षता विभागात हलवून स्नायू सैल करणाऱ्या डायझेपामचा छोटा डोस दिला.

शस्त्रक्रियेपूर्वी मी आजींना फिट्स, गोळ्या, सर्दी, शेवटचे खाणे, सगळे विचारले होते. दुखल्यावर हा काय करतो, एवढेच विचारले नव्हते, आणि हे मला आजही बोचते. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी २००६ साली फ्लॅकची सुधारित पद्धत प्रसिद्ध झाली. तीत पालकांनी सांगितलेल्या त्या मुलाच्या खास खुणा आधीच लिहून घ्यायच्या असतात. मला ती ठाऊक होती. १९८७ साली डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवले होते की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो. त्यापूर्वी अशा कित्येक बाळांना नुसत्या हलक्या भुलीवर आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर भागवले जाई. हा इतिहास मी विद्यार्थ्यांना शिकवते.

त्या रात्री आजी सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले: कान घासतो म्हणजे दुखते; ओठ मिटून दम धरतो म्हणजे फार दुखते; ओरडतो म्हणजे भूक. तो कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवला. पहाटे तीन वाजता रात्रपाळीच्या सिस्टरचा फोन आला. मूल रडत नव्हते, नाडीही फारशी वाढलेली नव्हती, पण त्यांनी गुण ५ लिहिला होता आणि औषध वाढवायचे का, असे त्या विचारत होत्या.