तुम्ही विचारलंत म्हणून: माशांना घरचं की विकतचं?

"गोल्डफिशना घरी शिजवून घालतेस? अगं, दुकानात डबी मिळते की!" हे एक. आणि डबी हातात दिसली की, "अय्या, तू तर घरचं करतेस ना?" हे दुसरं. दोन्ही विचारणारी माणसं बहुतेक तीच असतात. म्हणून एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसता फोन पुढे करता येईल.

घरचं सुरू केलं ते चिडून. आमच्याकडे दुकानदार पोत्यातलं खाद्य प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून विकतो. त्यावर तारीख नाही, आत काय आहे तेही नाही. गोल्डफिशला जठर नसतं, नुसतं लांबलचक आतडं. त्याला दिवसभर थोडंथोडं चरायचं असतं आणि आपण दोन वेळा मूठभर कोरडे दाणे टाकून मोकळे होतो. हे मी इतक्या वेळा, इतक्या तावातावाने सांगितलंय की सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये मला बघून मोबाईल काढायला लागले.

कृती एका परदेशी व्हिडिओतली. मटार उकडून सोलायचे (खरा वैताग इथेच), पालक, वाफवलेली कोळंबी, लसणाची एक पाकळी, सगळं मिक्सरमधून काढायचं, जिलेटिनमध्ये घोटून ट्रेमध्ये लावायचं आणि वड्या पाडून फ्रीझरमध्ये. एकदा नणंदेने ती हिरवी चटणी समजून एक वडी गरम करायला काढली होती. असो.

आता लाडू. चार वर्षांची ओरांडा जातीची गोल्डफिश, डोक्यावर लालभडक टोप, मी खोलीत आले की काचेला तोंड लावणारी. मे महिना, डोंबिवली, टाकीतल्या थर्मामीटरवर ३२. दुसऱ्या दिवशी पहाटे गावी निघायचं होतं, म्हणून रात्री मी नेहमीच्या एका वडीऐवजी चार टाकल्या. राहिल्या तर सकाळी खातील, हा हिशोब. व्हिडिओतल्या बाईंच्या टाकीत वडी तासन्‌तास तशीच राहायची. त्यांचं पाणी गार होतं. जिलेटिन तिशीच्या पुढे विरघळायला लागतं, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. उन्हाळ्यात जेली पानात घेतली की तिचं पाणी होतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? पण माशाच्या खाण्याला मी स्वयंपाकघरातली अक्कल लावलीच नाही.

पहाटे साडेचारला दिवा लावला तर टाकी पिठल्यासारखी. मटार आणि कोळंबीचा लगदा सगळ्या पाण्यात पसरलेला, फिल्टरचा स्पंज गच्च, वर फेस. टेस्ट किटचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं ते पाणी गर्द हिरवं झालं. अमोनिया, कुजलेल्या खाण्याचं विष. लाडू कोपऱ्यात, कल्ले भराभरा हलवत पृष्ठभागाशी टेकलेली. अर्धं पाणी बदललं, पुन्हा अर्धं बदललं. नवरा बॅगा घेऊन दारात उभा होता, काही बोलला नाही. गाडी चुकली. दुपारी एकच्या सुमारास लाडू आडवी झाली. बाकीचे दोघे वाचले.

त्या रात्री दीड तास वीजही गेली होती, एअर पंप बंद होता. गरम पाण्यात प्राणवायू तसाच कमी असतो. तेव्हा वडीनेच मारलं की विजेने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वडीवर ढकललं की स्वतःला शिक्षा झाल्यासारखं वाटतं, विजेवर ढकललं की झोप लागते. दोन्ही करून झालंय.

मग डबीवर आले. सहा महिने फक्त डबी. दाणे भिजवून, मोजून, सगळं शिस्तीत. आणि तेव्हाच्या मला, जी "बाजारचं खाणं म्हणजे गव्हाचं पीठ" म्हणत फिरायची, आता सांगावंसं वाटतं की बाई, त्या पिठात जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. तुझ्या मटारातलं क जीवनसत्त्व उकडताना किती गेलं, हे तू कधी मोजलंस? यावर तीही गप्प बसत नाही. म्हणते, मग डबी उघडून चार महिने दमट कपाटात ठेवलीस, त्यातलं किती उरलं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता मी लहान डबी घेते आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहिते, एवढंच.

सध्या दोन्ही चालतं. आठवड्यातले चार दिवस डबी, तीन दिवस घरचं. जिलेटिन बंद, चायना ग्रास सुरू. ते एकदा लागलं की आपल्या उन्हाळ्याला दाद देत नाही. "मग फायदा काय?" विचाराल तर मासे वडीवर तुटून पडतात, दाण्यांवर तसे पडत नाहीत. हा फायदा माशांचा की माझ्या डोळ्यांचा, देव जाणे.

दर घाण्यातली एक वडी मी आधी टाकीतल्याच पाण्यात, वाटीत घालून रात्रभर ओट्यावर ठेवते. घरात वास येतो, नवरा नाक मुरडतो. आजची वाटी झाकून ठेवली आहे. सकाळी बघेन.