आमची वाटचाल : तेल विकण्यापासून तेल गाळण्यापर्यंत

वाळूज एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यातून हायड्रॉलिक ऑइलचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनमध्ये घालायच्या तेलाचे, बॅरल विकायचे, एवढाच आमचा सुरुवातीचा धंदा. गिऱ्हाईक म्हणजे आसपासची प्रेस शॉप आणि प्लॅस्टिक मोल्डिंगवाले. फोन यायचा, "अडुसष्ट पाठवून द्या." मशीन कोणतं, पंप कोणता, कुणी सांगत नसे. आम्ही विचारायला लागलो आणि धंद्याचं रूप बदललं.

३२, ४६, ६८ हे आकडे म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट असतं त्याचं माप. जेवढं दाट तेवढं चांगलं, ही समजूत अजून पक्की आहे. पण फार दाट तेल पंपाला ओढवत नाही. तो कण्हायला लागतो आणि आतून खरवडला जातो. फार पातळ घातलं तर आमच्याकडच्या मे महिन्यात ते पंपात आतल्या आत गळतं, प्रेस दाब धरत नाही. म्हणून आम्ही आधी पंप बघतो, चालू शिफ्टमध्ये टाकीचं तापमान घेतो, मगच ग्रेड सांगतो.

खरं वळण मिळालं जालन्याकडच्या एका जिनिंगमध्ये. हंगाम ऐन भरात, रुईचे ढीग लागलेले आणि गाठी बांधणारी प्रेस मात्र रेंगाळलेली. टाकीतलं तेल दुधाळ झालं होतं. मालक म्हणाले, "सगळं बदलून टाका." आमचा फायदा त्यातच होता. पण कूलरची नळी फुटून तेलात पाणी शिरत होतं. नवं तेलही आठवड्यात तसंच झालं असतं. आधी कूलर दुरुस्त करून घेतला. तळाशी साचलेलं पाणी कॉक उघडून निघतं, तेलात मुरलेलं तसं निघत नाही. त्याला व्हॅक्यूमचं यंत्र लागतं. ते तेव्हा भाड्यानं आणलं, पुढे कर्ज काढून स्वतःचं घेतलं. घरच्यांना ते धाडस वाटलं होतं. मला आजही तो निर्णय योग्यच वाटतो.

आता तेल विकण्याइतकंच तेल गाळण्याचं काम असतं. सीलबंद बॅरलमधलं कोरं तेलसुद्धा आम्ही फिल्टरमधूनच टाकीत सोडतो. साधारण ४० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण डोळ्याला दिसत नाही, आणि व्हॉल्व्हमधली फट तर अवघ्या काही मायक्रॉनची. बॅरल उघड्यावर उभे ठेवू नका, हे आम्ही प्रत्येक स्टोअरवाल्या दादांना सांगतो. झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री तेल थंड झालं की बुचातून आत ओढलं जातं. जागा नसेल तर बॅरल आडवे ठेवा, दोन्ही बुचं एका पातळीत, तेलाखाली राहतील अशी.

भट्टीजवळच्या मशीनला आगीचा धोका असतो, तिथे वॉटर ग्लायकॉल, म्हणजे सहज पेट न घेणारं पाणीमिश्रित द्रव, देतो. ते साध्या तेलात कधीच मिसळायचं नसतं. ते सील आणि टाकीला आतून दिलेल्या रंगाला चालतं का, हेही तपासावं लागतं.

जिनिंगवाल्यांना एवढंच सांगणं आहे, तेलाचा नमुना दसऱ्याच्या आधी पाठवा. कापूस यायला लागला की प्रेस थांबवायला कुणालाच सवड नसते.