वीतभर उघडलेला दरवाजा

माझा जन्म कपाटं करण्यात गेला. गाडीला हात लावायची वेळ आली ती जनावरांच्या एका डॉक्टरांमुळे. "मिस्त्री, मागच्या दरवाजाला मिटवता येईल असं टेबल बसवून द्या. सिरिंजा, बाटल्या, रजिस्टर, सगळं बॉनेटवर मांडतो आणि निम्मं खाली पडतं." त्यांच्या गाडीचा मागचा दरवाजा वर उचलायचा नाही, एका अंगाला उघडतो. मी मनात म्हटलं, हे तर कपाटच झालं.

आतलं प्लॅस्टिकचं पॅनेल क्लिपांवर असतं. ते उचकटल्यावर पहिल्यांदा जाणवलं की हे कपाट नाही. पत्र्याच्या आत वायपरच्या वायरी, लॉकच्या सळ्या, पाण्याची नळी. ड्रिलच्या बिटाला टोकापासून १० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे त्यापुढे ते आत जायला नको. पातळ पत्र्यात स्क्रू धरत नाही, म्हणून ९ मिमीची भोकं पाडून एम ६ चे (६ मिमी बोल्टाचे) रिव्हेट नट, म्हणजे पत्र्यात आवळून बसणारे आट्यांचे नट, बसवले. भोकांच्या कडांना प्रायमर लावला आणि पडलेला चुरा चुंबकाने वेचून काढला. तो आत राहिला की गंज तिथूनच सुरू होतो.

फळी १२ मिमी प्लायची, ६० बाय ४० सेंमी, वजन जेमतेम दोन किलो. खाली पियानो बिजागरी, म्हणजे पट्टीसारखी सलग लांब बिजागरी, आणि दोन्ही बाजूंना साखळ्या. साखळी दरवाजाला जितकी वर अडकवाल तितका तिच्यावरचा ताण कमी. बिजागरीपासून ४० सेंमी वर धरली, म्हणजे ४५ अंशांचा कोन. कडेवर १० किलो ठेवले तर दोन्ही साखळ्यांवर मिळून साधारण १४ किलोंचा ताण. तेच साखळी २० अंशांवर लोळवली असती, तर २९ किलो झाले असते. हा हिशेब नीट केला होता, म्हणून स्वतःवर जरा खूश होतो.

टेबल मिटवून धरायला मात्र सवयीने कपाटाचा मॅग्नेट कॅच लावला.

संध्याकाळी डॉक्टर गाडी न्यायला आले. औषधांची पेटी मागे ठेवली, टेबल दोनदा उघडून मिटवून पाहिलं, मान डोलावली. तेवढ्यात फोन. गाय अडली होती. डॉक्टरांनी धाडकन दरवाजा लावला आणि आतून 'खाड्' असा आवाज आला.

दरवाजा आपटून थांबला, पण टेबल त्याच वेगाने आत निघालं होतं. मॅग्नेट सुटला आणि फळी आतल्या आत आडवी झाली. मी दरवाजा उघडायला गेलो, तर तो वीतभर उघडला आणि अडकला. जोर लावला. फळीचा कोपरा गाडीच्या मागच्या खांबात आणखी रुतला. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते घड्याळाकडे बघत होते. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"काका, ओढू नका, उलटं ढकला," माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला. त्याने दरवाजा बोटभर मागे लोटला, फटीतून काटकुळा हात आत घातला आणि फळी वर उचलून धरली. मग दरवाजा मुकाट उघडला. फळी दोरीने करकचून बांधली आणि डॉक्टर निघाले.

नंतर जमिनीवर खडूने गाडीची मागची बाजू आखली. दरवाजाच्या बिजागरीपासून फळीची पलीकडची कड ९० सेंमीवर, फळी आत आलेली ४०. कर्ण साडेअठ्ठ्याण्णव. आणि मागच्या दरवाजाचं तोंड ९६! फळीचा कोपरा त्या कर्णाएवढ्या वर्तुळावर फिरतो, तो बाहेर येणार कसा? उघडं टेबल मोजलं, मिटलेलं मोजलं. बंद दरवाजाआड उघडलेलं टेबल मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आल्यावर फळी पलीकडच्या बाजूने पाच सेंमी कापली. आता कर्ण ९४ च्या आत आला. साखळीची कडी सरकवली, मॅग्नेट काढून दोन्ही टोकांना टॉवर बोल्ट बसवले आणि त्यांच्याखाली रबराचे तुकडे दिले, खडखडाट नको म्हणून. मग आत टेबल मुद्दाम पाडून दरवाजा दहा वेळा आपटला आणि उघडला. पोरग्याला हसू आवरत नव्हतं.

गाईचं विचारलं. वासरू पायाळू होतं, पण दोघं सुखरूप.

आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला. गाडी उतारावर लावली की बाटल्या टेबलावरूनही घरंगळतात. कडेला काहीतरी लावा. कापून उरलेला पाच सेंमीचा तुकडा अजून कोपऱ्यात पडला होता. तो उभा चिरला, दोन्ही बाजूंना पुरला. पण चिकटवण्याआधी टेबल मिटवून फळी आणि पॅनेल यांमधली फट मोजली. १५ मिमी. पट्टी १२ ची.