फियाटच्या पट्ट्या उतरवताना

शनिवार, ७ डिसेंबर २०२४, विलेपार्ले

सकाळी आठपासून बिल्डिंगच्या आवारात बाबांच्या फियाटजवळ बसले होते. नखांत गंज भरलाय, कंबर धरलीय. पण आजचं आजच लिहून ठेवायचं आहे.

१९७० ची ही फियाट ११०० रंगवायची, हे दिवाळीतच ठरलं. पावसाळा सरून हवा कोरडी व्हायची वाट पाहत होते, कारण दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो. रंगाऱ्याकडे विचारायला गेले तर तो म्हणाला, "ताई, दरवाजांवरच्या धातूच्या पट्ट्या कशाला काढता? मास्किंग टेप लावून मारतो, चार दिवसांत गाडी घेऊन जा." मी नाही म्हटलं. १९९४ मध्ये दादाच्या लग्नाआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये नेमकं असंच झालं होतं. घाईघाईत टेप लावून गाडी पांढरी करून दिली आणि तीन पावसाळ्यांत पट्टीच्या कडेने रंगाचे पोपडे सुटले. टेपच्या काठावर रंगाची बारीक पायरी राहते, पाणी तिथूनच शिरतं. पट्टीमागे शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही, त्यात आमच्याकडे जुहूवरून येणारा खारा वारा. बाबा दर रविवारी गाडी पुसायचे. त्या पोपड्यांपाशी आलं की त्यांचं फडकं हळू व्हायचं. बोलले कधीच नाहीत. म्हणून या वेळी बाहेरची एकूण एक वस्तू उतरवल्याशिवाय गाडी रंगाला द्यायची नाही.

सगळ्यात आधी मोबाइलवर फोटो काढले, प्रत्येक कोपऱ्याचे, जवळून. बंपर फारसे अडले नाहीत. तीन दिवस रोज संध्याकाळी बोल्टांवर गंज सैल करणारा डब्ल्यूडी-४० स्प्रे मारत होते, त्याचा उपयोग झाला. हेडलाइटच्या रिंगा आणि जाळीही दहा वाजेपर्यंत निघाली.

खरा वेळ गेला तो दरवाजांवरच्या पट्ट्यांना. पहिली पट्टी मी मधूनच उचलायला गेले. क्षणभर ती हलली, आणि मग हाताखाली तिला मुरड पडलेली जाणवली. पोटात धस्स झालं. चोपन्न वर्षं सरळ राहिलेली वस्तू माझ्या हातून वाकली. तिथेच थांबले, चहा घेतला, आणि दरवाजाचं आतलं पॅनेल काढून पाहिलं. पट्टीच्या दोन्ही टोकांना स्टड, म्हणजे आटे असलेल्या छोट्या सळ्या, आत छोटे नट. मधला भाग नुसता क्लिपांवर बसलेला. आधी नट सोडायचे, मग टोकाकडून एकेक क्लिप मोकळी करत पुढे जायचं. लांबी (पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरायचा पातळ प्लास्टिकचा तुकडा क्लिपच्या अगदी लगत सरकवायचा आणि जरासा पीळ द्यायचा. 'टक्' असा आवाज आला की पुढची. रंग ओरखडला तरी चालतो, तो जाणारच आहे. पत्र्याला पोचा नको आणि पट्टीला मुरड नको, एवढं सांभाळायचं. त्यानंतरच्या सगळ्या पट्ट्या सरळ निघाल्या.

मागे काय होतं ते बघून बरं केलं असं वाटलं. क्लिपांच्या प्रत्येक भोकाभोवती गंजाचं तांबूस कडं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खालच्या भोकाला स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. फ्रिजवरचं लोहचुंबक आणून आजूबाजूला फिरवलं. एका वितीच्या पट्ट्यात ते धरेना, म्हणजे जुन्या गॅरेजवाल्याने तिथे पत्रा न जोडता जाड लांबी थापली होती. टेप लावून पुन्हा रंग मारला असता तर हे सगळं आतच कुजत राहिलं असतं. तिथे आता नवा पत्रा वेल्ड करून घ्यायचा. खर्च वाढेल, वाढू दे.

आणि त्याच दरवाजावर, पट्टीच्या सावलीत, बोटभर रुंदीचा मूळ रंग सापडला. दादा म्हणायचा गाडी निळी होती, मी म्हणायचे राखाडी. ओल्या फडक्याने पुसून थोडं रबिंग कंपाउंड लावलं तर दोन्हींच्या मधला रंग निघाला, पाऊस येण्याआधीच्या आभाळासारखा. आईला खुर्ची देऊन खाली बसवलं होतं. तिने चष्मा लावून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हाच गं. कुर्ल्याहून आणली तेव्हा अश्शीच होती." ही फियाट बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा कारखाना तेव्हा कुर्ल्यालाच होता, आमच्यापासून फार लांब नाही. तेवढ्या तुकड्यावर पॉलिश पेपर लावायचा नाही, शेड मिळवायला तोच नमुना, असं खडूने तिथे लिहून ठेवलंय.

बॉनेटवरचं चिन्ह शेवटी घेतलं. त्याचा एक स्टड कधीतरी तुटला होता आणि बाबांनी ते चिकटवलं होतं. ओढलं असतं तर दुसराही गेला असता. आतून नट काढला, हेअर ड्रायरने दहा मिनिटं गरम केलं, मग खाली तंगूस घालून करवतीसारखी मागे-पुढे ओढत राहिले. सुटलं तेव्हा मागे वाळलेल्या डिंकात बाबांच्या अंगठ्याचा ठसा होता. तो मी खरवडला नाही. रंग झाल्यावर चिन्ह त्याच्यासकट बसवणार.

पुढच्या-मागच्या काचा मिस्त्रीवर सोडल्यात. रबर दगडासारखं कडक झालंय. त्याला बजावलंय, रबर वाचवू नका, सरळ कापा. रबर नवं मिळतं, काच मिळायला मारामार.

बारीक सामानाचं तसंच आहे. पद्मिनी म्हणजे आमच्या गाडीचंच पुढचं रूप, मुंबईच्या जुन्या टॅक्स्या त्याच. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. पद्मिनीचं पुष्कळ सामान आमच्या गाडीला चालतं. टॅक्स्या होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला कुणी ना कुणी काढून द्यायचं. आता गंजलेली क्लिपसुद्धा टाकली नाही, नमुन्याला ठेवली. श्रीखंडाचे रिकामे डबे घेतले, प्रत्येकावर मार्करने लिहिलं: 'डावा पुढचा दरवाजा, पट्टी, नट २, क्लिपा ५'. एक क्लिप गटाराच्या जाळीत पडली. वॉचमनकाकांनी वाकून, बॅटरी धरून, तारेने काढून दिली.

पट्ट्या आईच्या जुन्या नऊवारीत एकेक गुंडाळून कपाटामागे उभ्या ठेवल्यात. वाकलेलीवर खडूची खूण केलीय. सोमवारी सकाळी क्रेनवाला येणार आहे. गाडी जाईल, बंपर क्रोमला जातील, डबे इथेच राहतील.