मांडीभर पाणी

कोलाडला कुंडलिका नदीवर मी सेफ्टी कयाकरचं काम करतो. म्हणजे राफ्टवाल्यांच्या नाहीतर कयाक, म्हणजे एका माणसाची अरुंद बोट, शिकणाऱ्यांच्या पुढे जायचं, रॅपिड, म्हणजे नदीचा खळाळता उताराचा भाग, संपतो तिथे खडकाआडच्या संथ पाण्यात, आम्ही त्याला एडी म्हणतो, बोट लावून थांबायचं आणि वरून कोण उलटं होऊन आलं की उचलायचं. बहुतेक दिवस वाहत आलेल्या चपला आणि पॅडल गोळा करण्यातच जातो. पण दिवाळीनंतरच्या एका बेसिक कोर्सला जे झालं ते लिहायचंय, कारण त्यात मोठी लाट, भोवरा असलं काहीच नव्हतं.

आधी आमच्या नदीचं थोडं सांगतो. मुळशी धरण मुळा नदीवर आहे, म्हणजे ते पाणी खरं तर पुण्याकडे जायचं, पण 1927 पासून ते घाटाखाली भिऱ्याला टाटांच्या पॉवरहाउसला आणतात आणि वीज तयार झाली की कुंडलिकेत येतं. त्यामुळे पावसाळा सोडला तर सकाळी पाणी सुटलं की नदी फुल आणि दुपारनंतर पाणी उतरलं की त्याच नदीत गावातली पोरं दगड उलटे करून खेकडे शोधतात. कोर्सला पुण्याची मंडळी जास्त असतात, त्यांना मी म्हणतो तुमच्याच पाण्यात बुडायला एवढ्या लांब आलात होय!

तर त्या दिवशी रॅपिड फार तर ग्रेड दोनचा, म्हणजे सोपाच. लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, दादा ग्रेड कितवा, आणि दोन म्हटलं की तोंड वाकडं करतात. काठावर ब्रीफिंग झालं होतं, जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघितलं, हेल्मेट बघितलं, पडलात तर पाठीवर व्हा, पाय वर आणि पुढे, आणि ढुंगण दगडाला घासेपर्यंत उभं राहायचं नाही. यावर सगळे हसतात. हसले की लक्षात राहतं म्हणून मी मुद्दाम असंच सांगतो.

त्यातला एकजण हिंजवडीतला, रोज टँकला तासभर पोहणारा, अंगाने दणकट. तो रॅपिडच्या मधोमध उलटला, रोल मारायचा, म्हणजे बोटीत बसूनच परत सुलटं व्हायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग पुढे वाकून स्कर्टचा, म्हणजे कमरेभोवती बोटीचं तोंड झाकणाऱ्या कापडाचा लूप ओढून व्यवस्थित बाहेर आला, पॅडलही सोडलं नाही. इथपर्यंत अगदी शिकवल्यासारखं. मग धारेने त्याला उजव्या कडेला नेलं, तिथे पाणी गोट्यांवर पसरून मांडीभरच होतं, तळ दिसत होता, आणि हा गडी उभा राहिला. टँकवाल्यांचं हेच असतं, पायाला जमीन लागली की उभं राहायचं ही लहानपणापासूनची सवय.

उभा राहिला तो राहिलाच. उजवा पाय दोन दगडांच्या फटीत आणि मागून पाणी ढकलतंय. दिसायला ते मांडीभरच, पण पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि पाय अडकलेला माणूस पाण्याने पुढे आडवा झाला की तोंड पाण्यात जातं, मग पोहता येतं की नाही याला काही अर्थ राहत नाही. हा उभा राहू शकला कारण त्याने पॅडल समोर तळात रोवलं आणि दोन्ही हातांनी त्यावर भार टाकला. हात थरथरताना मला खालून दिसत होते.

आता पंचाईत अशी की मी खाली आणि तो वर. कयाक धारेच्या विरुद्ध चढत नाही. सगळी सेफ्टी रॅपिडच्या खाली ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ती मला कधीच पटली नाही, कारण पाय अडकलेला माणूस खाली वाहत येत नाही. आमचे लीड गाइड नेपाळचे, सगळे त्यांना दाई म्हणतात, नेपाळीत मोठा भाऊ, ते नेहमी थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या रस्सीची पिशवी घेऊन काठावर वरच्या अंगाला उभे असतात. मी शिट्टी तीनदा मारली. दाईंनी पॅडल डोक्यावर आडवं धरलं, म्हणजे थांबा, मागची सगळी पोरं जागच्या जागी एडीत शिरली.

काठावर एक काका म्हशी घेऊन आलेले, ते ओरडायला लागले, अरे पॉवरहाउसला फोन लावा, पाणी बंद करा म्हणावं! बोलणं चुकीचं नव्हतं पण नदीत आधीच सुटलेलं पाणी येतच राहणार, आणि त्या हातांमध्ये तेवढा दम नव्हता. एकाने रस्सी त्याच्या अंगावर फेकायची तयारी केली, दाईंनी त्याला तिथेच थांबवलं. रस्सी पकडायला पॅडल सोडावं लागणार आणि पॅडल सोडलं की हा तोंडावर. वर काठाकडून ओढलं तर पाय तिथेच आणि माणूस पाण्याखाली.

मग दाई खाली धावत आले, रस्सीचं टोक माझ्याकडे दिलं, ते घेऊन मी त्याच्या खालच्या बाजूने मधल्या कातळापर्यंत कयाक तिरकी काढली आणि वर चढलो. रस्सी मनगटाला गुंडाळायची नाही, नुसती मुठीत धरायची, नाहीतर आपणच जातो. दोघं दोन बाजूंनी वरच्या अंगाला सरकत गेलो तशी रस्सी त्याच्या छातीला काखेखाली येऊन लागली. दाई ओरडले, टेक, हात वरून टाक! तो टेकला आणि पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

उरलेलं काम आमच्या तीन पोरांनी केलं. पुढच्याकडे पॅडल, मागच्या दोघांनी त्याचं जॅकेट घट्ट धरलेलं, असे एकमेकांना चिकटून काठावरून आत आले आणि त्याच्या बरोब्बर वर जाऊन उभे राहिले. पाणी त्यांच्यावर फुटून दोन्हीकडून जायला लागलं, मागे त्याच्यावरचा धारेचा जोर थोडा कमी झाला. शेवटच्या पोराने खाली हात घालून बुटाची लेस सुरीने कापली आणि पाय मागे, धारेच्या उलट ओढला, कारण पाय जसा आत जातो तसाच बाहेर येतो. पाय आला, बूट नाही आला. हे सगळं पाच-सात मिनिटांत झालं असेल पण विचारलं असतं तर मी अर्धा तास सांगितला असता.

दुपारी पाणी उतरल्यावर दाई सगळ्या बॅचला तिथे घेऊन गेले. वरून हात सहज जाईल एवढी फट, खाली निमुळती होत गेलेली, आणि त्यात बूट इतका गच्च बसला होता की पहार लावून काढावा लागला. पावसाळ्यात पूर आला की हे दगड जागा बदलतात, त्यामुळे मागच्या मे महिन्यात चालून बघितलेली नदी नोव्हेंबरला तीच नसते. रोज दुपारी पाणी उतरणाऱ्या नदीचा हा एक मोठा फायदा आहे, तळ डोळ्यांनी बघता येतो. बारमाही नदीवरच्या गाइडला हे सुख नाही. आता प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी दुपारी आम्ही कोरड्या नदीतून चालवतो, आणि नुसती बोटींची वाट नाही, कडेचे गोटेही, जिथे पडलेला माणूस जातो.

रोह्याला एक्स-रे काढला, हाड शाबूत, लिगामेंटला मार. पठ्ठ्याने दोन दिवसांनी फोन केला, मला वाटलं पैसे परत मागतोय. तर म्हणतो, दादा, माझे कोर्सचे तीन दिवस राहिलेत ते जानेवारीत करता येतील का, आणि बुटाचे पैसे कोण देणार? पहिल्याला हो म्हटलं.